भाऊजींची लाल, सासूबाईंची हिरवी

प्रश्न : आमच्या आजेसासऱ्यांनी, ते डॉक्टर होते, १९५२ साली मुंबईहून जॅग्वार एक्सके १२० ही उघडी दोन सीटची गाडी आणली. प्रभात रोडवरच्या बंगल्यात ती गेली चाळीसेक वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. बंगला आता पुनर्विकासाला चाललाय, त्यामुळे तिचं काहीतरी ठरवणं भाग आहे. गाडी लाल आहे, चाकं वायर व्हीलची, म्हणजे तारांच्या आऱ्यांची. माझे दीर म्हणतात की ती पहिल्यापासून लालच आणि ‘स्पेशल इक्विपमेंट’ मॉडेल आहे. मुंबईचा एक जण बघून गेला, तसं असेल तर बरेच जास्त पैसे देईन म्हणतो. सासूबाई, वय ८४, म्हणतात, ‘मी लग्न होऊन आले तेव्हा हिरवी होती.’ आर.सी. पुस्तक ही १९७८ सालची दुय्यम प्रत आहे, त्यात रंग ‘रेड’. चेसिस नंबर ६६० ने सुरू होतो. इंजिनावर वरच्या बाजूला ‘डब्ल्यू’ने सुरू होणारा नंबर आहे, शेवटी रेघ आणि ७. खाली ब्लॉकवर मात्र ‘ए’ने सुरू होणारा दुसराच. गॅरेजवाले म्हणतात, कारखान्याचा दाखला मागवा, आला की सगळं त्याबरहुकूम करून टाकू. हा दाखला कुठे मिळतो? त्यावर किती विसंबायचं? आणि हिरवा निघालाच, तर चांगला लाल रंग खरवडायचा का?
ता.क. माळ्यावर दोन मोठे अर्धगोल पत्रे निघालेत. कशाचे ते कुणालाच माहीत नाही. सासूबाई इतकी वर्षं ते लोणच्याच्या बरण्यांवर झाकत होत्या.
– एक वाचक, प्रभात रोड, पुणे

उत्तर : ताई, आधी ते पत्रे बरण्यांवरून उतरवा. आणि घासायला कुणाच्या हातात देऊ नका, साबणानेसुद्धा नाही.

सबंध पत्रात सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही ताजा कलमात टाकलीत. एक्सके १२० ची मागची चाकं मुळात अर्धी झाकलेली असत. मडगार्डच्या कमानीत बसणारं ते झाकण म्हणजे स्पॅट. पण ते बसायचं फक्त साध्या पत्र्याच्या चाकांवर. वायर व्हीलचा मधला चाकनट बाहेर येतो, त्यामुळे ती चाकं घातली की स्पॅट लागतच नाही. माळ्यावरचे पत्रे स्पॅट असतील (मागच्या मडगार्डशी धरून बघा, वळण जुळलं की झालं), तर तुमची गाडी एके काळी साध्या चाकांवर धावत होती आणि वायर व्हील नंतर आली. शिवाय गाडीला पुन्हा रंग दिला तेव्हा ते पत्रे माळ्यावर गेलेले असतील, तर ते त्यातून सुटले. म्हणजे त्यांच्यावर आज जो रंग आहे तो लालच्या आधीचा. मुंबईच्या पाहुण्याला सांगण्याआधी हे घरातल्या घरात बघून घ्या.

आता दाखला. ब्रिटिश गाड्यांची नशिबाने एक गोष्ट चांगली आहे : बऱ्याच कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या, पण वह्या राहिल्या. जॅग्वारच्या कारखान्यातल्या नोंदी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडे आहेत. चेसिस नंबर द्यायचा, गाडी आपलीच आहे याचा कागद जोडायचा, शुल्क भरायचं. त्या बदल्यात चेसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांचे मूळ नंबर, गाडी तयार झाल्याची तारीख, कारखान्यातून रवाना झाल्याची तारीख, बाहेरचा रंग, आतल्या चामड्याचा रंग, कोणत्या वितरकाकडे गेली ते, आणि नोंद असेल तर पहिल्या मालकाचं नाव, एवढं मिळतं. (एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली बाळगणाऱ्यांनी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमचा दरवाजा ठोठवावा. दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, म्हणून इथेच सांगून टाकतो.)

विसंबायचं किती? तुम्ही पुण्याच्या आहात, त्यामुळे एका वाक्यात सांगता येईल. भाऊजी सांगतात ती बखर, आणि कारखान्याची वही म्हणजे दप्तर. बखरीत सगळंच खोटं नसतं, पण ती लिहिणाऱ्याला गोष्ट रंगवायची असते. दप्तरातल्या कारकुनाला गोष्टीशी देणंघेणं नसतं. त्या दिवशी दारातून कोणती गाडी बाहेर गेली एवढंच तो लिहितो. म्हणून त्याचं खरं धरायचं. पण ते त्या दिवसापुरतं. पुढे मुंबईच्या गोदीत, वितरकाकडे, डॉक्टरांच्या हाताखाली आणि १९७८ पर्यंत तिचं काय झालं, ते त्या वहीत नाही. बंदरावर घासली गेलेली गाडी विकण्याआधी वितरकानेच रंगवून घेतली असेल, तर तीही नोंद तिथे सापडायची नाही.

कारकून चुकतोही. हाताने लिहिलेल्या वहीतून नक्कल करताना ३ चा ८ होतो. दाखल्यातला एकच आकडा खटकत असेल आणि बाकी सगळं चपखल बसत असेल, तर मूळ नोंद पुन्हा पाहून द्या अशी विनंती करता येते. ती सभ्यपणे करावी.

पण याच्याही आधी एक पायरी आहे, आणि बहुतेक लोक नेमकी तीच गाळतात. दाखला नंबराला मिळतो, गाडीला नाही. तुम्ही पाठवाल त्या नंबराची जन्मपत्रिका ते पाठवतील, मग तो नंबर कशावर का ठोकलेला असेना. हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलोय. वीसेक वर्षांपूर्वी एक गाडी घेतली, कोणती ते सोडा. बॉनेटखालच्या पट्टीवरचा नंबर पाठवून दाखला मागवला. सुंदर आला, फ्रेम करून भिंतीवर लावला. दोन वर्षांनी चेसिस उघडी करून तेलमाती काढली तर खाली ठोकलेला नंबर निराळा! पट्टी कुठल्यातरी भंगारात गेलेल्या गाडीची होती, दोन रिव्हेट मारून बसवलेली. अशा पट्ट्या मी पुढे जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जुन्या कुलपांशेजारी मांडलेल्याही पाहिल्यात. भिंतीवरचा दाखला मी उतरवला नाही. बायको येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवते, माझी अक्कल मोजायला.

तेव्हा तुम्ही पट्टीवर थांबू नका. चेसिसच्या पोलादात ठोकलेला नंबर शोधा. जाड मळ लाकडाच्या चपट्या काडीने काढा, मग रॉकेल, चिंधी आणि नायलॉनचा ब्रश. ग्राइंडर नाही, वायर ब्रश नाही, आणि सँडब्लास्टिंग तर मुळीच नाही. आकडे उथळ असतात, एकदा गेले की गेले. दिसले की आरटीओचे एजंट करतात तसा पेन्सिल प्रिंट घ्या. कागद ठेवून शिसं आडवं फिरवलं की आकड्यांचं वळण आणि खोली कागदावर उतरते, आणि मागून कुणी काही घासून ठोकलं असेल तर तेही. फोटो फसवतो, पेन्सिल सहसा फसवत नाही. मग पट्टी, चेसिस आणि आर.सी. हे तिन्ही नंबर शेजारी शेजारी लिहा. तिन्ही एकच असतील तरच दाखल्यासाठी पैसे भरा.

तुमच्या ६६० ने एवढं तर आत्ताच सांगितलं की ही उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, उघडी दोन सीटची गाडी आहे. डाव्या हाताच्यांचे नंबर ६७० पासून पुढे जातात, आणि बहुतेक एक्सके १२० अमेरिकेकडे गेल्यामुळे त्याच जास्त. साधारण बारा हजार बनलेल्या या गाड्यांत उजव्या हाताच्या उघड्या जेमतेम बाराशेच्या घरात आहेत. गाडी दुर्मीळ आहेच, तिला आणखी दुर्मीळ करायला खोटं बिरुद लागत नाही.

तरी भाऊजींचं ‘स्पेशल इक्विपमेंट’ तपासूच. त्या मॉडेलमध्ये वायर व्हील, दोन एक्झॉस्ट, वाल्व जास्त उचलणारे कॅमशाफ्ट आणि कडक सस्पेन्शन असा एकत्र संच येई. साधं इंजिन १६० अश्वशक्तीचं, तर हे १८० चं. आणि अशा गाडीच्या चेसिस नंबराच्या आधीच ‘एस’ हे अक्षर असे. तुम्ही नंबर ‘६६० ने सुरू होतो’ असा लिहिलात. चुकून अक्षर गाळलं नसेल, तर विषय जवळजवळ इथेच संपतो. इंजिनाच्या नंबराच्या शेवटचा ७ हे सिलिंडरमधल्या दाबाचं प्रमाण, ७ ला १. जिथे पेट्रोल हलक्या दर्जाचं मिळे त्या देशांत असं इंजिन जाई, आणि ते आपल्याकडे आलं यात काही नवल नाही. स्पेशल इक्विपमेंटच्या इंजिन नंबराच्या शेवटीही ‘एस’ असे, तोही तुम्हाला दिसलेला नाही. आता वायर व्हील आहेत ना, असं भाऊजी म्हणतील. असतील. कारखाना हे भाग सुटेही विकत असे, आणि नंतर कुणीही कुठूनही आणून लावू शकतो. चाकं बदलता येतात, पण नंबरात नसलेला ‘एस’ बदलून येत नाही. नव्याने ठोकला तर तो गुन्हा आहे. गॅरेजवाल्यांनी तसं सुचवलं असेल, तुम्ही लिहिलेलं नाही पण सुचवलं असेलच, तर गॅरेज बदला.

इंजिनाचं प्रकरण मला सगळ्यात गोड वाटलं. एक्सके १२० च्या इंजिनांचे नंबर ‘डब्ल्यू’ने, आणि पुढे शेवटच्या काळात ‘एफ’ने सुरू होतात. हा नंबर दोन जागी ठोकलेला असतो, ब्लॉकच्या (इंजिनाचं खालचं मुख्य धड) उजव्या अंगाला ऑइल फिल्टरच्या वर आणि हेडच्या (त्यावर बसणारा वरचा भाग) पुढच्या टोकाला. तुमच्याकडे हेड ‘डब्ल्यू’चं आणि ब्लॉक ‘ए’चा. ‘ए’ हे जॅग्वारच्याच मार्क सेव्हन या मोठ्या सलून गाडीचं अक्षर. १९५० साली लंडनच्या प्रदर्शनात आलेल्या त्या गाडीत हेच ३४४२ सीसीचं इंजिन होतं, आणि संस्थानिकांकडे, बड्या उद्योजकांकडे तशा सलून आपल्याकडे बऱ्यापैकी आल्या होत्या. माझा अंदाज असा, आणि हा अंदाजच आहे : कधीतरी तुमच्या गाडीचा ब्लॉक फुटला किंवा बोअरिंग करून करून संपला. त्या काळी आयात बंद, नवा ब्लॉक स्वप्नातही नाही. कुण्या शहाण्या मेकॅनिकने मोडीत निघालेल्या सलूनचा ब्लॉक आणला आणि वर तुमचंच हेड चढवलं. त्याला मनातल्या मनात नमस्कार करा. त्याच वर्षांत याच शहरात अशा गाड्यांची मूळ इंजिनं काढून मॅटेडोरची डिझेल इंजिनं बसवणारेही होते.

दाखल्यावर मूळ इंजिन नंबर येईल. तो हेडवरच्या ‘डब्ल्यू’ नंबराशी जुळला, तर हेड जन्मापासून याच गाडीचं, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. ते हेड मशिनिंगला द्याल तेव्हा नंबराची बाजू घासू नका असं खडूने त्याच्यावरच लिहून द्या. कोपऱ्यात पडलेलं काहीही भंगारवाल्याला देऊ नका. मूळ ब्लॉक तुमच्याच गॅरेजच्या मोरीपाशी दगड म्हणून पडलेला असू शकतो. अशी उदाहरणं आहेत. गिअरबॉक्सचा आणि बॉडीचा नंबरही दाखल्याशी ताडून बघा, पण त्यांच्यासाठी गाडी फाडू नका.

पत्र्याचं एक सोपं : फ्रीजवरचं चुंबक काढून गाडीवर फिरवा. सुरुवातीच्या सुमारे २४० गाड्यांचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा होता. १९५० पासून तो पोलादाचा झाला, पण बॉनेट, दारं आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचंच राहिलं. म्हणजे तुमच्या मडगार्डला चुंबक चिकटायला हवं आणि बॉनेटला चिकटता कामा नये. चिकटलं, तर ते झाकण इथे कुणीतरी ठोकून बनवलंय. आणि मडगार्डवर चिकटायला हवं तिथे ते सुटून पडत असेल, तर खाली पुट्टीचा थर आहे.

आता लाल-हिरव्याकडे. इथे एक गंमत बघा. सासूबाईंचं लग्न साधारण १९६० च्या आगेमागे झालं असणार. तेव्हा गाडी आठदहा वर्षांची होती. म्हणजे त्यांची साक्ष पूर्ण खरी धरली (मी धरतो, नव्या सुनेला दारातली गाडी विसरायला होत नाही) तरी ती १९६० ची साक्ष आहे, १९५२ ची नव्हे. आर.सी. पुस्तकातलं ‘रेड’ १९७८ चं. दोघंही खरं बोलतायत आणि मूळ रंग तिसराच, असंही होऊ शकतं. त्यासाठी गाडीलाच विचारायचं. रंगवणारा आळशी असतो, आणि आपलं भलं त्याच्या आळसात आहे. डॅशबोर्डच्या खाली, दाराच्या आतल्या कार्डबोर्डमागे, डिकीच्या तळाखाली स्टेपनी ठेवतात त्या कप्प्यात, बॉनेटखालच्या चेसिस नंबराच्या पट्टीमागे (पट्टी काढू नका, कडेने टॉर्च मारा) त्याचा हात पोचलेला नसतो. एखाद्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी रुपयाच्या नाण्याएवढ्या वर्तुळात बारीक वॉटर पेपर हळूहळू फिरवा. थर कांद्यासारखे उघडतील : वरचा लाल, त्याखाली प्रायमर, मग काय असेल ते, आणि सगळ्यात तळाला कारखान्याचा प्रायमर आणि त्यालगतचा पहिला रंग. दिवसाच्या उजेडात फोटो काढा. एक्सके १२० हिरव्यात मिळत होती, एकाहून जास्त छटांमध्ये, आणि लालमध्येही. त्यामुळे नुसत्या यादीवरून कोणाचीच बाजू पडत नाही.

दाखला, तळाचा थर आणि माळ्यावरचे स्पॅट, तिन्ही एकच रंग सांगू लागले तर मग शंका उरली नाही. तरीही लाल खरवडायचा का?

माझं मत : आत्ता नाही. गाडी विकायची असेल तर रंगाला हातच लावू नका. जाणता ग्राहक जुना रंग, जुनं चामडं, तुमच्या थरांचे फोटो आणि दाखला यांना जेवढे पैसे देईल, तेवढे ताज्या चकचकीत रंगाला देणार नाही, कारण ताज्या रंगाखाली काय आहे ते त्याला कळत नाही. ठेवायची असेल आणि सगळं उघडावंच लागणार असेल, पत्रा सडलाय, फ्रेम वेल्डिंगला आलीय, तर मग दाखल्याप्रमाणे रंगवा, कारण रंगवायचंच आहे. पण नुसता कागद आला म्हणून धडधाकट रंग काढणं हा मला वेडेपणा वाटतो. डॉक्टरांनी ती लाल करून घेतली असेल तर तोही गाडीचाच इतिहास, आणि डॉक्टर घरचेच. गॅरेजवाले ‘सगळं त्याबरहुकूम करून टाकू’ म्हणाले ना, त्यात ‘सगळं’ हा शब्द खर्चाचा आहे.

आरटीओचंही बघून ठेवा. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नकोत, अशी त्यात अट आहे. नोंदणी दहा वर्षांची. नवी नोंदणी असेल तर शुल्क २०,००० रुपये आणि नंबर नव्या ‘व्हीए’ मालिकेतला. पण ज्या गाडीची नोंदणी आधीच झालेली आहे तिला आपला जुना नंबर ठेवता येतो. तुमचा जुन्या मुंबई राज्याचा ‘बीएम’वाला नंबर असेल तर तो जिवापाड जपा. या नोंदणीवर गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते. रोज तिच्यातून भाजी आणायला जाता येत नाही. संगम पुलाजवळच्या ऑफिसात जाण्याआधी आर.सी.वर इंजिनाचा कोणता नंबर आहे ते वाचा, ‘डब्ल्यू’चा की ‘ए’चा. ‘ए’चा असेल तर ब्लॉकची बदली १९७८ च्या आधीची आणि रीतसर नोंदवलेली. ‘डब्ल्यू’चा असेल तर ब्लॉकवरचा नंबर कागदाशी जुळत नाही हे तपासणीत निघणारच. ते लपवण्यापेक्षा आपणच आधी लेखी मांडलेलं बरं, आणि तिथे कारखान्याचा दाखला उपयोगी पडतो : मूळचा नंबर हा, हेड अजून तेच, ब्लॉक त्याच कंपनीचा आणि त्याच मापाचा.

मुंबईच्या माणसाला तोंडी काही सांगू नका. एका कागदावर लिहून द्या : उजव्या हाताची उघडी एक्सके १२०, स्पेशल इक्विपमेंट नाही, हेड दाखल्याशी जुळणारं (जुळलं तर), ब्लॉक मार्क सेव्हनचा, वायर व्हील नंतरची, मूळ स्पॅट सोबत, रंग आज लाल, तळाचा अमुक. भाऊजी कुरकुरतील. त्यांना तो कागद वाचायला द्या आणि सही करायला सांगा. विक्रीनंतर कोर्टाची नोटीस आली तर सही करणाऱ्याच्या नावावर येईल हेही सांगा. बहुतेक कुरकुर तिथे थांबते.

एक राहिलं. जुने डॉक्टर हिशेब लिहून ठेवत. बंगला रिकामा करताना त्यांच्या खर्चाच्या वह्या रद्दीत घालण्याआधी १९५२ ते १९७८ ची पानं चाळा. ‘गाडी रंग’ किंवा ‘इंजिन काम’ अशी एखादी ओळ आणि पुढे रुपये-आणे सापडले, तर त्या पानाचा फोटो मला नक्की पाठवा. ब्लॉक कुणी बदलला ते मला स्वतःला कळायला हवंय.